बॅटमॅन सुरू कुठून करायचा? एक नंबरपासून तर अजिबात नाही

माझा भाचा यंदा अकरावीला गेला. निकालानंतरच्या सुट्टीत त्याने रॉबर्ट पॅटिन्सनवाला बॅटमॅन बघितला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मला मेसेज, मामा मला सगळा बॅटमॅन वाचायचाय, एक नंबरपासून, कुठे मिळेल. मी दात घासत होतो. 'एक नंबरपासून' वाचलं आणि पोटात गोळाच आला, कारण कॉलेजात असताना मीही हाच शहाणपणा केलेला. जुन्या अंकांचा एक जाडजूड संग्रह कुणाकडून तरी उसना आणला आणि चाळीस पानांत घोरायला लागलो. वाईट नाहीत हो ते अंक, पण तेव्हाची लिहायची पद्धतच अशी की चित्रात बॅटमॅन खिडकीतून उडी मारतोय आणि वरच्या चौकटीत लिहिलंय की बॅटमॅन खिडकीतून उडी मारतो.

तर हे सगळं भाच्यासाठी लिहायला घेतलं होतं, मग म्हटलं ज्याने फक्त सिनेमे बघितलेत किंवा तेही नाहीत अशा कुणालाही चालेल. बॅटमॅनच का, तर कॉमिक्स, गेम आणि सिनेमा तिन्हीकडे खणखणीत माल फक्त याचाच आहे असं माझं मत आहे. स्पायडरमॅनवाल्यांनी भांडायला यावं, चहा पाजतो.

आधी क्रमाचं भूत उतरवा

बॅटमॅन पहिल्यांदा दिसला डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या २७व्या अंकात, त्यावर मे १९३९ छापलंय. बॉब केन आणि बिल फिंगर या दोघांनी मिळून हा माणूस उभा केला, पण नाव कित्येक दशकं एकट्या केनचंच लागायचं. फिंगर १९७४ साली वारला आणि निर्माता म्हणून त्याचं नाव अधिकृतपणे लागायला २०१५ उजाडलं. (हे मला दर वेळी लिहावंसं वाटतं, विषय निघो न निघो.)

तेव्हापासून हा गडी थांबलेलाच नाही. इतक्या वर्षांत ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्यामागचा माणूस, शंभरीच्या पुढे जायला हवा होता, तो काही जात नाही, कारण हे छापणारी डीसी कंपनी अधूनमधून पाटी पुसते. १९८५-८६ला एकदा पुसली, २०११ला सगळ्या मासिकांचे नंबर पुन्हा एकपासून सुरू केले, २०१६ला बऱ्याचशांचं परत तेच. त्यामुळे 'बॅटमॅन नंबर १' छापलेले अंकच तीन-चार आहेत, आता यातला एक नंबर कुठला ते तुम्हीच सांगा.

आमच्या बाबांकडे इंद्रजाल कॉमिक्सचा एक गठ्ठा होता, वेताळ आणि मँड्रेक मराठीतून यायचे ते. कव्हरं फाटलेली, अर्ध्यांची शेवटची पानं गायब. त्यातला कुठलाही अंक उचलला तरी तासाभरात वेताळ कोण, त्याची गुहा कुठे, अंगठीचा ठसा म्हणजे काय, सगळं कळायचं, आधीचे शंभर अंक कुणी वाचलेत असं कुणी विचारत नव्हतं. बॅटमॅनही तसाच उचलायचा. अंकामागे धावायचं नाही, एक पूर्ण गोष्ट धरायची.

पायरी १: इयर वन

पहिलं पुस्तक 'इयर वन', दुसरं काही नाही. फ्रँक मिलरने लिहिलेलं, डेव्हिड मॅझुकेलीने काढलेलं, १९८७चं, मूळचे फक्त चार अंक. एका दुपारी संपतं.

पहिल्याच पानांवर थोडं थांबा. गॉर्डन नावाचा पोलीस गॉथममध्ये, म्हणजे बॅटमॅनच्या शहरात, ट्रेनने येतोय आणि त्याला वाटतंय की विमानाने यायला हवं होतं, वरून नुसते रस्ते आणि इमारती दिसतात, शहर सुसंस्कृत आहे असा समज तरी होतो. त्याच दिवशी ब्रूस वेन विमानाने येतोय आणि त्याला वाटतंय ट्रेनने यायला हवं होतं, शत्रू जवळून दिसला असता. झालं, दोन माणसं संपूर्ण कळली, आणि अजून कुणी कुणाला एक ठोसाही मारलेला नाही. दोघांच्या मनातल्या बोलण्याची अक्षरंही वेगळी काढलीत, ते बघा. नवीन माणूस काय करतो, फुग्यातलं वाचतो आणि पान उलटतो, चित्र बघतच नाही. मी तर भाच्याला सांगितलंय की प्रत्येक पान दोनदा, एकदा वाचायचं आणि एकदा नुसतं बघायचं.

यात ब्रूस पहिल्यांदा बाहेर पडतो आणि मार खाऊन येतो, म्हणजे चांगलाच, चाकू लागतो, गोळी लागते. घरी येऊन खुर्चीत बसतो, रक्त वाहतंय, हाताशी घंटा आहे, ती वाजवली की घरचा जुना नोकर आल्फ्रेड येणार आणि जीव वाचणार. तो वाजवत नाही. बसून राहतो, समोर बापाचा पुतळा. पुढे काय होतं ते पुस्तकात बघा.

पायरी २: गल्ली धरून ठेवा

ही पायरी मी स्वतः काढलीय, आणि मला विचाराल तर बाकी सगळ्या विसरलात तरी चालेल.

बॅटमॅनची प्रत्येक आवृत्ती एकाच प्रसंगावर उभी असते. आठेक वर्षांचा मुलगा, आई-बाप, सिनेमा बघून परत येताना अंधारी गल्ली, पिस्तूलवाला, दोन गोळ्या. हा प्रसंग पहिल्यांदा सांगितला गेला नोव्हेंबर १९३९च्या अंकात, जेमतेम दोन पानांत. मारणाऱ्याला तेव्हा नावही नव्हतं, ते १९४८ला मिळालं, जो चिल. आईच्या गळ्यातला मोत्यांचा सर तुटून मोती सांडताना जे सगळीकडे दिसतं, ते चित्र डोक्यात बसवलं १९८६च्या 'द डार्क नाइट रिटर्न्स'ने, तिथे ते मोती इतके सावकाश सुटतात की वाचताना आपलाच श्वास अडकतो.

तर करायचं काय, नवीन पुस्तक, सिनेमा, गेम काहीही घेतलं की बघायचं, ह्याने गल्लीचं काय केलं? जे बदललं त्यावरून कळतं की करणाऱ्याला बॅटमॅन कसा दिसतो. एक वही केलीत तरी हरकत नाही, मी केलेली, आता सापडत नाही.

टिम बर्टनच्या १९८९च्या सिनेमात गोळी घालणारा माणूसच पुढे जोकर होतो. कॉमिक्सवाले तेव्हाही चिडले, आजही चिडतात, आणि बरोबर आहे, कारण खुनी कुणीही ऐरागैरा असण्यात जी भीती आहे ती गेली, आता नुसता हिशेब चुकता करायचा उरला. क्रिस्टोफर नोलनच्या २००५च्या 'बॅटमॅन बिगिन्स'मध्ये सिनेमाच्या जागी ऑपेरा आहे, स्टेजवर वटवाघळांसारखे नाचणारे लोक आहेत, पोरगं घाबरतं आणि बापाला म्हणतं चला बाहेर. म्हणजे गल्लीत ते लोक पोचतात त्याच्यामुळे. एवढासा बदल, पण सगळा सिनेमा भीती आणि अपराधीपणावर उभा राहिला, एक नंबर. आणि २०२२वाल्यात, म्हणजे पॅटिन्सनवाल्यात, गल्ली दाखवलेलीच नाही! त्याऐवजी सुरुवातीला मेयरचा खून होतो, त्याचा लहान मुलगा तिथे उभा असतो आणि बॅटमॅन नुसता त्या पोराकडे बघत राहतो. ज्याला गोष्ट माहीत आहे त्याला गल्ली दिसते. भाच्याला दिसली नव्हती. आता परत बघ म्हटलं.

पायरी ३: दुसरं आणि तिसरं पुस्तक

दुसरं 'द लाँग हॅलोवीन', जेफ लोब आणि टिम सेलचं, १९९६-९७. तेरा अंक, दर महिन्याला एक सण आणि त्या सणाला एक खून, खुनी कोण ते शोधा. इयर वनमधलीच माणसं पुढे येतात म्हणून लगेच जुळतं. नोलनने 'द डार्क नाइट'साठी गच्चीवर भेटणारे ते तिघं, गॉर्डन, सरकारी वकील हार्वी डेंट आणि बॅटमॅन, बरेचसे इथूनच उचललेत. सिनेमात जोकर नोटांचा डोंगर पेटवतो ना? पुस्तकातही नोटा जळतात, फक्त काडी लावणारे कोण ते वाचा म्हणजे मजा येईल.

तिसरं २०११चं 'कोर्ट ऑफ आउल्स', स्कॉट स्नायडर आणि ग्रेग कपुलो. पाचव्या अंकात बॅटमॅन चक्रव्यूहात अडकलाय, दिवसेंदिवस अन्न नाही, डोकं फिरायला लागलंय, आणि पानं आडवी होतात, मग उलटी होतात, पुस्तक हातात फिरवत फिरवत वाचावं लागतं. मी हे पहिल्यांदा लोकलमध्ये वाचलं, समोरचे काका माझ्याकडे बघत होते की हा उलटं पुस्तक धरून काय वाचतोय. यावर सिनेमा काढा म्हणणाऱ्यांना मी नेहमी हेच विचारतो, की बाबांनो थिएटर फिरवणार आहात का?

'किलिंग जोक' (१९८८, ॲलन मूर आणि ब्रायन बोलंड) लोक पहिलं म्हणून हातात देतात कारण बारीक आहे. नको. त्यात एका बाईवर जे होतं ते नुसतं कथेच्या सोयीसाठी होतं असं माझं आणि बऱ्याच जणांचं म्हणणं आहे, आणि खुद्द मूरलाही ते पुस्तक पुढे फारसं आवडेनासं झालं. वाचालच, पण नंतर. २००८ला बोलंडने स्वतः रंग बदलून नवीन आवृत्ती काढली, ती फिकी आणि थंड आहे. जुनी भडक जांभळी-हिरवी. मला जुनी आवडते, गोष्ट जत्रेत घडते आणि जत्रेत भडकच पाहिजे.

'डार्क नाइट रिटर्न्स' सगळ्यात शेवटी. हे वाचून कुणीतरी मला मारायला येणार, कारण प्रत्येक यादीत ते पहिलं असतं. पण त्यातला बॅटमॅन ५५ वर्षांचा आहे, दहा वर्षं निवृत्त होऊन परत येतो. ज्याला आपण तरुण बघितलंच नाही त्याच्या म्हातारपणाचं दुःख कसं होणार?

पायरी ४: विकत घेताना

पेपरबॅक संग्रह घ्या, सुट्या अंकांच्या मागे लागू नका, ते जमवणाऱ्यांचं काम आहे. 'व्हॉल्यूम १' आणि 'अंक १' यातला फरक बघून घ्या, एका व्हॉल्यूममध्ये पाच-सहा ते बारा अंक काहीही असतात, आणि आत कुठले अंक आहेत ते मागच्या कव्हरवर किंवा आतल्या पहिल्या पानांवर छापलेलं असतं. २०२४पासून लहान आकाराच्या स्वस्त कॉम्पॅक्ट आवृत्त्या निघाल्यात, खिशाला बऱ्या, पण अक्षर बारीक होतं. चष्मा असेल तर एकदा दुकानात उघडून बघा.

जुनं पुस्तक घेताना पानं मोजा, थट्टा नाही. मी एकदा रस्त्यावरून लाँग हॅलोवीन घेतलं, घासाघीस करून फार खूश होऊन घरी आलो आणि शेवटची सोळा पानं नाहीत. खुनाच्या गोष्टीची शेवटची सोळा पानं!! दीड वर्ष मला खुनी माहीत नव्हता. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात आणि मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर चक्कर मारा, पण पानं मोजा.

इंग्रजी जड जात असेल तरी इयर वनला फारशी अडचण येत नाही, वाक्यं तुटक आहेत.

पायरी ५: मधे कार्टून, लाजायचं नाही

१९९२चं 'बॅटमॅन: द ॲनिमेटेड सीरिज' लहान मुलांचं म्हणून सोडू नका. चित्रांची पार्श्वभूमी काळ्या कागदावर रंगवायचे, म्हणून तो अंधार तसा दिसतो. सगळे भाग नकोत, 'हार्ट ऑफ आइस' बघा. मिस्टर फ्रीझ त्याआधी एक बर्फाची बंदूक घेऊन फिरणारा विनोदी गुंड होता, लेखक पॉल डिनीने त्याला आजारी बायको दिली आणि बावीस मिनिटांत तो असा उभा राहिला की कॉमिक्सनेही तीच गोष्ट उचलली. जोकरची साथीदार हार्ली क्विन तर जन्मलीच या मालिकेत आणि मग कॉमिक्समध्ये गेली, म्हणजे गंगा उलटी वाहिली. 'बिवेअर द ग्रे घोस्ट' पण बघा, त्यात छोटा ब्रूस टीव्हीवर ज्या हिरोला बघत मोठा झालेला असतो त्याला आवाज दिलाय ॲडम वेस्टने, जो साठच्या दशकातल्या मालिकेत स्वतः बॅटमॅन होता. असं काही सुचतं तेव्हा हेवा वाटतो राव.

केव्हिन कॉन्रॉय (बॅटमॅन) आणि मार्क हॅमिल (जोकर) यांचे आवाज कानात बसवून घ्या, पुढे आर्कमच्या गेममध्ये, ओरिजिन्स सोडला तर, तेच आहेत. कॉन्रॉय २०२२च्या नोव्हेंबरात गेला. माझ्या डोक्यात बॅटमॅन आजही त्याच्याच आवाजात बोलतो.

पायरी ६: सिनेमे

इथे पटकन सांगतो कारण बरेचसे तुम्ही बघितलेच असतील. नोलनचे तीन क्रमाने, मग बर्टनचे दोन, मग २०२२चा, जवळपास तीन तासांचा आहे, जेवून बसा. १९९३चा कार्टून सिनेमा 'मास्क ऑफ द फँटॅझम' चुकवू नका. नाव फँटमसारखं आहे, आपल्या वेताळाचा संबंध नाही. २०१२च्या 'डार्क नाइट रायझेस'मध्ये ब्रूस त्या विहिरीतून बाहेर येतो तेव्हा वर जो किल्ला दिसतो तो जोधपूरचा मेहरानगड, थिएटरात माझ्या मागचा माणूस जोरात ओरडलेला, अरे हे आपलंय.

१९९७चा 'बॅटमॅन अँड रॉबिन' भंगार आहे, मित्रांना जमवून बघा. बॅटमॅन त्यात लिलावात स्वतःचं क्रेडिट कार्ड काढतो. अजून काय सांगू.

पुस्तकासारखं नाही म्हणून बोंब मारत सिनेमा बघू नका. गल्लीवाली वही काढा, काय बदललं आणि त्या बदलाने काय साधलं एवढंच लिहा.

पायरी ७: गेम

क्रम असा: आर्कम असायलम (२००९), आर्कम सिटी (२०११), मग वाटलं तर ओरिजिन्स (२०१३), शेवटी आर्कम नाइट (२०१५). नवीन लोक ग्राफिक्स बघून थेट नाइटवर उडी मारतात आणि मग रणगाड्यासारखी ती बॅटमोबाइल गाडी चालवून चालवून वैतागतात. असायलम एकाच बेटावर आहे, आटोपशीर, एका रात्रीची गोष्ट. आणि हो, नाइटच्या आधी रॉबिनचं, म्हणजे बॅटमॅनच्या पोरसवदा साथीदाराचं, एक प्रकरण माहीत असू द्या. १९८८ला 'अ डेथ इन द फॅमिली'मध्ये दुसऱ्या रॉबिनने जगायचं की मरायचं ते वाचकांनी फोन करून ठरवलं, ५,३४३ मतं मरायला आणि ५,२७१ जगायला. ७२ मतांनी गेला बिचारा.

मारामारीत सगळे एकच चूक करतात, प्लेस्टेशनवर चौकोनाचं बटण धडाधड दाबत सुटतात. दाबू नका. समोरच्याच्या डोक्यावर निळसर रेघा चमकल्या की तो मारणार असतो, तेव्हा त्रिकोण. मग एक ठोसा, बघा, परत त्रिकोण. ढोलाच्या पथकात उभं राहिल्यासारखं आहे, हात शांत ठेवला तर ताल सापडतो. बंदूकवाले असतील त्या खोलीत मात्र खाली उतरायचंच नाही, वरच्या दगडी पुतळ्यांवर बसून एकेकाला उचलायचं, आणि पुढेपुढे जोकर त्या पुतळ्यांनाही सुरुंग लावतो तेव्हा आधी घाम फुटतो मग हसू येतं.

डिटेक्टिव्ह मोड सतत चालू ठेवू नका. त्यात भिंतीपलीकडचं सगळं दिसतं म्हणून मोह होतो, पण मग अख्खा गेम निळा एक्स-रे बघितल्यासारखा जातो आणि ज्यांनी एवढी कळकट भिंत रंगवली त्यांची मेहनत वाया. कोडी घालणाऱ्या रिडलर नावाच्या खलनायकाच्या ट्रॉफ्या आणि कोडी मिळून सिटीमध्ये चारशेच्या वर आहेत. सगळ्या गोळा करणारा मी एकच माणूस ओळखतो आणि त्याचं तेव्हा लग्न ठरत नव्हतं.

गल्ली? आहे ना. असायलममध्ये तुम्ही एका साध्या कॉरिडॉरमधून चालत असता आणि भिंती हळूहळू गल्लीच्या होत जातात, चालता चालता कळतं की आता आपण बॅटमॅन नाही, आपल्या हातात ते लहान पोरगं आहे. सिनेमात आपण त्याच्याकडे बघतो, इथे स्टिक पुढे आपणच ढकलतोय, थांबवलं तर तो थांबतो, आणि तरी पुढे जावं लागतं. सिटीमध्ये तर गल्ली खरीच आहे, जमिनीवर खडूच्या आकृत्या आणि फुलं, तिथे उभं राहून एक बटण दाबलं की बॅटमॅन गुडघा टेकतो. पॉइंट नाही, ट्रॉफी नाही. मी दर वेळी जातो.

मारामारी हाताला जमतच नसेल तर २०१६चा टेलटेलचा बॅटमॅन आहे, त्यात बहुतेक वेळ नुसतं काय बोलायचं ते निवडायचं असतं, आणि ब्रूस म्हणून जाऊ की बॅटमॅन म्हणून हा प्रश्न चांगला पडतो.

शेवटची सूचना, असायलममध्ये एका ठिकाणी स्क्रीन फाटल्यासारखा होईल, आवाज अडकेल. मशीन बंद करू नका. याहून जास्त सांगत नाही.

भाच्याला हे सांगायचं राहिलं होतं. त्याने मित्राचा जुना प्लेस्टेशन आणलेला, परवा रात्री साडेअकराला फोन, मामा गेम करप्ट झाला, परत पहिल्यापासून सुरू झालाय, मित्र मला मारेल. मी म्हटलं थांब, काही दाबू नकोस, बघत राहा. दोन मिनिटं शांतता. मग हळूच म्हणतो, मामा, मी मेलो, आणि आता स्क्रीनवर लिहून आलंय की जोकरची गोळी चुकवायला मधली स्टिक वापरा, कंट्रोलरला मधली स्टिक कुठे असते?

शोध म्हटलं.